चार म्हणजे कुठले चार

दाराची कडी वाजली तेव्हा माझ्या हातात हातोडी होती, मांडीशी पातेलं होतं आणि केस सुटलेले होते. भागूआत्या विस्तव मागायला आली असेल असं समजून मी बसल्या जागेवरूनच ओरडले, "ढकल की, उघडंच आहे."

दार ढकललं गेलं. आधी एक काळी टोपी आत आली, तिच्यामागून जरीकाठाचं लुगडं आणि शेवटी एक उंच, मान खाली घातलेला तरुण. मला बघायला येणारी मंडळी होती ती. चार वाजता यायची होती, आणि आमच्या घरात नुकते तीन वाजले होते.

मी मूळची संशयी. दूधवाल्याने माप भरून घातलं तरी मला वाटतं, आज याच्या मनात आहे तरी काय? त्यामुळे माझा पहिला विचार हाच की ही माणसं मुद्दाम तासभर आधी आली आहेत, आम्हाला बेसावध गाठायला. आणि त्यांनी गाठलंच होतं. अंगणात लख्ख ऊन होतं, आणि पातेल्याच्या काठावर माझा डावा हात सगळ्यांना दिसेल असा पसरलेला होता.

त्या हाताची करंगळी अर्धी नाही. तेरा वर्षांची असताना पत्रा कापायच्या कात्रीत गेली. आमच्या तांबट आळीत पुरुषांची बोटं अशी जायचीच, त्याचं कुणाला काही वाटत नसे. मुलीचं गेलं की मात्र ते सगळ्या आळीचं बोट होतं. दोन स्थळं आली, दोघांनी चहा घेतला, बोट पाहिलं आणि घरी जाऊन पत्रिका जुळत नसल्याचं कळवलं.

म्हणून या तिसऱ्या वेळी आईने बेत केला होता. मला आतल्या खोलीत, खिडकीकडे पाठ करून बसवायचं, डावा हात पदराखाली, पोह्यांची ताटली उजव्या हाताने द्यायची. आबांना तिने कालिकामातेच्या देवळात नेऊन देवीच्या पायांवर हात ठेवायला लावला होता. पाहुण्यांपुढे बोटाबद्दल अवाक्षर काढणार नाही, अशी शपथ घातली होती. आबांनी ती घेतली, आणि आमचे आबा शपथ मोडणाऱ्यांतले नव्हते.

मला मात्र त्या बेताची धास्ती होती. दोन घरं सोडून वडक्यांची अंबू राहायची. तिला एका कानाने ऐकू येत नसे. तिच्या आईबापांनी ते लपवून लग्न लावलं, आणि चौथ्या महिन्यात सासरच्यांनी तिला ट्रंकेसकट दारात आणून सोडलं. तेव्हापासून ती पोर दिवसभर दुसऱ्यांची दळणं दळत होती आणि तिच्याशी कुणी मोठ्याने बोलतसुद्धा नसे. म्हणजे माझ्यापुढे काय होतं? बोट दिसलं तर लग्न व्हायचं नाही, आणि न दिसता झालं तर टिकायचं नाही.

आता हा एका तासाचा घोळ कसा झाला ते सांगते. लढाई चालू होती आणि सरकारने देशभरातली घड्याळं तासभर पुढे सरकवली होती. उजेड वाचवायचा, तेल वाचवायचं, लढाईला हातभार लावायचा. स्टेशन, कचेरी, पोस्ट, शाळा सगळीकडे नवा टाइम सुरू झाला. आमच्या गावात मधून नाला जातो. नाल्यापलीकडे नवा टाइम, अलीकडे तांबट आळीत जुना. रेशनच्या दुकानाला निघालेली बाई पूल ओलांडता ओलांडता तासभर म्हातारी व्हायची आणि दुकान बंद झालेलं बघून शिव्या देत परत यायची.

हे असं का, तर आमच्या आबांमुळे. आळीची बैठक देवळात बसली होती. तरण्या पोरांचं म्हणणं होतं, गिऱ्हाईक पलीकडचं आहे, आपणही घड्याळ पुढे करू. रॉकेल मिळत नाही, संध्याकाळी उजेडात काम तरी उरकेल. म्हाताऱ्यांना वेगळीच शंका. सरकारने आज तास घेतला, उद्या दिवस घेईल. भागूआत्याला तर खात्रीच होती की रोज एक तास कापला जातोय आणि तो तिच्याच आयुष्यातून. आबा सगळ्यात शेवटी बोलले. "उजेडात काम करायचंय ना? मग लवकर उठा. त्याच्यासाठी घड्याळाचा कान कशाला पिरगाळायचा?" लोक हसले आणि तिथेच निकाल लागला. देवळातलं टोल्यांचं घड्याळ जुन्या टाइमावरच राहिलं. आबांच्या शब्दाला मान होता, आणि त्यांच्याहून कडक होती आमची आई. घरात कुणी चुकून नवा टाइम सांगितला तर ती त्याच्या हातातला चहा काढून घ्यायची.

भिकूशेठ पोटफोड्यांनी स्थळ आणलं ते निजामपूरकरांचं. माणसं आमच्याच ज्ञातीतली, पण मुलगा दिगंबर याने तांब्याचं काम सोडून जंक्शनवर पार्सल कचेरीत कारकुनी धरलेली. चार वाजता यायचं ठरलं. कुठले चार, हे भिकूशेठनी नीट सांगितलं असेल असं सगळ्यांनी गृहीत धरलं.

त्या दुपारी जेवणं झाली तशी आई म्हणाली, न्हाऊन घे. आबा म्हणाले, "वेळ आहे अजून. तेवढं पातेलं मठारून टाक. संध्याकाळी गिऱ्हाईक यायचंय." मठारणं म्हणजे भांड्याला हातोडीचे बारीक ठोके एकाशेजारी एक देत जाणं, त्याने पत्रा घट्ट होतो आणि चकाकतो. हे काम बायकांचं नव्हे, पण आबांना मुलगा नव्हता आणि मला ते आवडायचं. मी बसले ठोकत. आई चुलीपाशी रवा भाजत होती. आणि पाहुणे दारात उभे राहिले.

मी उठले नाही. उठून पळाले असते तर लपवल्यासारखं झालं असतं, आणि लपवायचं काय उरलं होतं? मुलाची आई माझ्या हाताकडे बघत होती. टोपीवाले म्हणजे मुलाचे मामा. ते घसा खाकरून म्हणाले, "करड्यांचं घर हेच ना? चारला बोलावलं होतं आम्हाला."

आई हातात उलथनं घेऊनच बाहेर आली आणि जागीच उभी राहिली. आबा मागच्या भट्टीकडून आले. अंगात धुतलेला सदरा होता. भट्टीपाशी धुतलेला सदरा घालून कोण बसतं, असं माझ्या मनात येऊन गेलं; पण त्या घटकेला इतके संशय एकदम आले होते की हा एक मागेच राहिला.

"चार?" आबा म्हणाले. "आत्ता तीन वाजलेत."

मामांनी खिशातलं घड्याळ काढून आबांच्या नाकासमोर धरलं. त्यात चार वाजून गेले होते. आबांनी देवळाकडे बोट दाखवलं. आणि मग माझं लग्न, माझं बोट, चुलीवरचा रवा सगळं बाजूला राहून आमच्या अंगणात घड्याळाची लढाई सुरू झाली. मामा म्हणाले, अख्खा देश एका टाइमावर चालतो आणि तुमची एक आळी वेगळी? आबा म्हणाले, सूर्य अजून जुन्याच टाइमाने उगवतो, त्याला सरकारची तार गेलेली दिसत नाही. मामा म्हणाले, रेल्वे सूर्याला विचारून सुटत नाही. आबांनी विचारलं, मग रेल्वेवाल्यांना भूक कुठल्या टाइमाने लागते? आबा वाद घालायचे, पण पाहुण्यांशी असं कधी बोलत नसत. आज ते उगीचच फार मोठ्याने बोलत होते.

मुलाची आई आता आमच्या आईकडे वळली. "तुमचं घड्याळ रोजच एक तास मागं असतं, की मुलगी दाखवायची असली म्हणजे?"

आमची आई उलथनं पदराला पुसत राहिली. मला तिची कीव आली आणि रागही आला. आधी सांगितलं असतं तर हे ऐकावं लागलं नसतं.

"आम्ही ठरल्या वेळेला आलो म्हणून हे दिसलं," बाई पुढे म्हणाल्या. "तासाने आलो असतो तर हिला आत बसवली असती. बसवली असती ना?"

"चल ताई," मामा म्हणाले. "जिथं वेळ खरी सांगत नाहीत तिथं बाकी काय खरं सांगणार? निघू आपण."

मुलगा हललाच नाही. तो खाली वाकून मी मठारलेलं पातेलं बघत होता. मग म्हणाला, "मामा, आपल्या घड्याळाने आपण वेळेवर आलो. त्यांच्या घड्याळाने त्यांचंही चुकलं नाही. खोटं कोण बोललं?"

हे तो आमच्या बाजूने बोलला, तरी मला बरं वाटलं नाही. इतका शहाणा माणूस तासभर आधी कसा येतो? याला आत यायच्या आधीच सगळं ठाऊक होतं की काय? दारात आल्यावर मामा आणि त्याची आई दचकले होते. हा दचकला नव्हता. मी त्याच्याकडे टक लावून पाहिलं आणि त्याने मान आणखी खाली घातली, त्याने तर माझा संशय पक्काच झाला.

मग मीच बोलले. बोलायचं नाही असं मला बजावलेलं होतं, पण शपथ आबांनी घेतली होती, मी नव्हे. हात पुढे करून म्हटलं, "तुमच्या टाइमाने बघा नाहीतर आमच्या. बोट दोन्हीकडे अर्धंच आहे. पत्र्याच्या कात्रीत गेलं. भाकरी थापता येते, पाणी ओढता येतं. बाकी काही लपवलेलं नाही."

आईने डोळ्याला पदर लावला. मुलाची आई पुढे आली, तिने माझा हात हातात घेतला आणि ते तोकडं बोट बाजारात काकडी दाबून पाहावी तसं दाबून पाहिलं. दुखतं का म्हणून विचारलं. थंडीत दुखतं, मी सांगितलं. तिने हात लगेच सोडला नाही.

या सगळ्यात तास निघून गेला होता; तेवढ्यात देवळात चारचे टोले पडले आणि दारातून भिकूशेठ आले. कोट, उपरणं, हातात पेढ्यांचा पुडा. सगळ्यांना बघून म्हणाले, "अरे, आलात पण?" त्या गरीब माणसावर दोन्ही पक्ष एकदम तुटून पडले. भिकूशेठ गळ्याला हात लावून सांगत होते की मी जुने चार म्हणून बजावलं होतं, दोनदा बजावलं होतं. मामा म्हणाले, आम्हाला नुसते चार कळले. आबा तर इतके चिडले की भिकूशेठना त्यांनी बसा असंसुद्धा म्हटलं नाही. मुलगा त्या वेळीही पातेल्याकडेच बघत होता.

शेवटी त्याची आई ओट्यावर बसली आणि तिने पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर आमच्या आईला म्हणाली, "लपवून दिली असतीत आणि मग कळलं असतं तर मी पोरीला दुसऱ्या दिवशी परत आणून सोडली असती. माझा स्वभावच तसा आहे. आता मी डोळ्यांनी बघितलंय. आता मला बोलायला जागा नाही." मग मुलाकडे वळली. "तुझं काय?"

"माझं आधीच झालंय," तो म्हणाला.

रवा करपला होता. तरी त्याचाच शिरा सगळ्यांनी खाल्ला. त्या पातेल्याचं गिऱ्हाईक मात्र संध्याकाळी आलं नाही.

लग्न झालं. जंक्शनवर रेल्वेच्या दोन खोल्यांत आमचा संसार सुरू झाला, अर्थातच नव्या टाइमाने. सासूबाई बोलायला फटकळ होत्या, पण बोटावरून एक शब्द कधी बोलल्या नाहीत. थंडीत मात्र न सांगता तेल गरम करून द्यायच्या. नवऱ्यातही नाव ठेवायला जागा नव्हती. म्हणूनच मला चैन पडेना. हा माणूस त्या दिवशी मला पकडायला आला होता का? आधी कुणी कान भरले होते? मी भिकूशेठवर संशय घेतला. भागूआत्यावर घेतला. एकदा तर अंबूवर घेतला आणि मग माझी मलाच लाज वाटली. ह्यांना विचारलं की हे म्हणायचे, "माझं घड्याळ बरोबर होतं." खरं बोलणारा माणूस एवढंच बोलून थांबत नाही, हे मला पक्कं माहीत आहे.

माहेरी गेले की तिथेही काहीतरी खुपायचं. तांब्याचा पत्रा डोळ्यांना दिसत नव्हता अशा दिवसांत आबांनी भिकूशेठना नवाकोरा बंब करून दिला, आणि मजुरीचं नाव काढलं नाही. ज्या माणसाला बसा म्हटलं नाही, त्याला बंब? आबांना विचारलं तर म्हणाले, त्याच्याकडचा जुना गळत होता.

मग लढाई संपली, आणि काही दिवसांनी सरकारने तो तास परत केला. त्या दिवशी हे कामावरून आले, खुर्चीवर चढले आणि भिंतीवरच्या घड्याळाचा काटा मागे फिरवला. खाली उतरून माझ्यासमोर बसले. म्हणाले, "आता सांगायला हरकत नाही. विचार."

मला विचारायची गरजच पडली नाही, त्यांनीच सांगितलं. मला बघायला येण्याच्या चार दिवस आधी पार्सल कचेरीच्या खिडकीशी एक पागोटेवाला म्हातारा येऊन उभा राहिला होता. नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि म्हणाला, "भिकूशेठ तुम्हाला जुने चार सांगेल. ते ऐकू नका. तुमच्या टाइमाने चारला या."

"आबांना विचारलं नाहीत, का म्हणून?" मी म्हटलं.

"विचारलं की. तर म्हणाले, मला न बोलायची शपथ आहे. येऊन डोळ्यांनी बघा. मग हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, पण नंतर म्हणू नका." हे थोडे हसले. "मला फार संशय आला. नव्या टाइमाला शिव्या देणारा माणूस नव्या टाइमाने बोलावतोय. वाटलं, एक तर मुलगी वेडी आहे नाहीतर बाप. भिकूशेठचा निरोप माझ्याकडेच आला होता, म्हणून आईला आणि मामाला नुसते चार सांगितले, बाकी काही बोललो नाही. दारातून आत आलो आणि तुझा हात दिसला, तेव्हा कळलं."

"आणि मला का नाही सांगितलं इतके दिवस?"

"आबांनी अट घातली होती. हा तास सरकार परत देईल त्या दिवशी सांगा, तोवर नको. आळीत मला तोंड दाखवायचंय, म्हणाले."

त्या आठवड्यात आबा पत्रा बघायला म्हणून गाडीने गेले होते आणि हात हलवत परतले होते, ते मला तेव्हा आठवलं. धुतलेला सदरा आठवला. न आलेलं गिऱ्हाईक आठवलं. आणि मला रडू आलं. जगातल्या सगळ्यांवर मी संशय घेतला होता. आबांवर घ्यायचं सुचलंच नव्हतं.

दिवाळीला माहेरी गेले. आई आत करंज्या तळत होती. आबा अंगणात एक घागर मठारत बसले होते. नाल्यापलीकडची घड्याळं आता अलीकडे आली होती, आणि आळीतले लोक आबांना येता-जाता सांगत होते की शेवटी सरकारलाच तुमचं ऐकावं लागलं. आबा मान डोलवत होते. मी त्यांच्याशेजारी बसले आणि डावा हात घागरीच्या काठावर ठेवला, घागर हलू नये म्हणून पूर्वी धरायचे तसा.

थोड्या वेळाने म्हटलं, "आबा, मला बघायला आले त्या दिवशी तुम्ही भट्टीपाशी धुतलेला सदरा घालून का बसला होता?"

हातोडी थांबली नाही. "चारला पाहुणे यायचे होते ना."

"कुठल्या चारला?"

आता थांबली. आबांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं, मग घागरीवरच्या माझ्या हाताकडे.

"तुझ्या," ते म्हणाले. आणि पुन्हा हातोडी उचलून, ठोक्यांच्या आवाजात कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने, "आईला यातलं काही बोलू नकोस. माझा चहा बंद करेल."